पंडुमाआधीची कैरी

मंगलीने सुनिल सरांच्या बाकावर चार कैऱ्या मांडल्या आणि ती फळ्याकडे वळली. वर्गातलं टेबल मोडकं होतं, पाठाचं साहित्य ठेवायला दुसरी जागा नव्हती.

सर ब्रह्मपुरीहून तिचा पाठ पाहायला आले होते, सकाळच्या जीपने, उपाशीच. मंगली त्यांच्या कॉलेजात बी.एड. करत होती. यंदा तिथे नवीन ठरलं होतं: आदिवासी विद्यार्थ्यांनी आपल्या गावात, आपल्या बोलीत, आपल्या चालीरीतीवर पाठ घ्यायचा आणि गावातला जाणता माणूस वर्गात बसवायचा. म्हणून तिचा आजा इसरू पोरांच्या पुढच्या रांगेत गुडघे दुमडून बसला होता. तो गावाचा भूमया. आंब्याचा पंडुम कधी करायचा ते तोच ठरवी. त्या सणाला पितरांना पहिला आंबा दिल्याशिवाय गावात कोणी कैरीला दात लावत नसे; लावला तर दंड.

पाठ त्यावरच होता. तो फसला तर मंगलीचं वर्ष जाणार होतं.

ती गोंडीत शिकवत होती. सरांना गोंडी येत नव्हती. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

"पंडुमाआधी कैरी खाल्ली तर काय होते?" तिने पोरांना विचारलं.

वर्गाच्या मागून कर्रकन आवाज आला.

सगळा वर्ग वळला. सर एक डोळा मिटून कैरी चावत होते. कोणी हूं की चूं केलं नाही. सर खूश झाले. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "वर्गावर ताबा उत्तम."

मंगलीच्या हातातला खडू तसाच राहिला. छोटी रिना गोंडीत कुजबुजली,

"आजा, सरले दंड?"

इसरूची बायको, बायनाबाई, दिवाळीनंतर गेली होती. यंदाचा पहिला आंबा तिच्या नावाने ठेवायचा होता. त्या पंडुमाची त्याच्याइतकी वाट कोणी पाहत नव्हतं.

तो उठला आणि समोरच्या आपल्या घरात गेला. पोरांना वाटलं, काठी आणतो. मंगलीलाही तसंच वाटलं.

तो सागाच्या पानाची पुडी घेऊन आला. आत तिखट-मीठ होतं, ओल धरून गोळा झालेलं. त्याने नखाने चिमूटभर खरवडून सरांच्या कैरीवर ठेवलं.

"आजा," रिना म्हणाली, "पंडुम नाई झाला ना."

"तुही आजी दरसाल पंडुमाआधीच खाये," इसरू गोंडीत म्हणाला. "गोठ्यामागं. हेच पुडी वळचणीत लपवे. भूमयाची बायको होती, तरी तिले मी कधी पकडलो नाई. सरले कसा पकडू?"

पोरं खदखदली. मंगली खडू तोंडाशी धरून हसली.

"काय म्हणाले?" सरांनी विचारलं.

"मीठ लावून खा म्हणते, सर."

"वा. समाजाचा सहभाग," म्हणत सरांनी लिहिलं आणि बाकावरची एक कैरी इसरूपुढे केली. "घ्या, बाबा."

"आता नाई, सर. आधी तिले."

"कोणाला?"

इसरू पुडी बांधत होता. चिमूटभर मीठ खाली सांडलं होतं, तेही त्याने बोटाने टिपून पानात घेतलं.

सरांनी मंगलीकडे पाहिलं. "पहिला आंबा आजीच्या नावाने ठेवाचा हाये, सर; दिवाळीनंतर गेली ती," ती म्हणाली. मग पेनाला टोपण लावलं आणि हातातली कैरी हळूच बाकावर ठेवली.