कालपेक्षा

"बंदच करते हा मेल," म्हणत टीमच्या मॅडमनी माऊस पुढे सरकवला, तसा टीममधल्या सगळ्यात जुन्या काकांनी त्यावर हात ठेवला.

"आठवडाभर थांबा."

"कुणी वाचत नाही, काका. नुसती कटकट."

"एका माणसाने जरी वाचून हातपाय हलवले, तरी राहू द्या. नाहीतर शुक्रवारी मीच बंद करतो."

दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरसाठी सगळ्यांनी लिहिलेला कोड रोज पहाटे आपोआप एकत्र जोडला जाई, तपासला जाई आणि निकालाचा मेल सगळ्यांना जाई. त्यात चुकांच्या दीडशेएक लाल ओळी असत, बहुतेक दोन वर्षांपूर्वीच्या. रोज मरे त्याला कोण रडे! गेल्या महिन्यात खरी चूक सत्त्याण्णवाव्या ओळीत होती. ती कुणी वाचली नाही आणि दवाखान्यांतल्या पेशंटना तपासणीच्या चुकीच्या तारखा गेल्या.

काकांची बायको नर्स होती. ड्यूटी बदलताना नव्या मुली एकेका पेशंटची कुंडली मांडायला लागल्या, की ती म्हणे, "तो कसा आहे ते कागदावर आहे. कालपेक्षा कसा आहे, तेवढं सांग." तिला जाऊन नऊ महिने झाले. तिच्या ड्यूटीचा साडेचारचा गजर काकांच्या मोबाईलवर अजून वाजे. काका तो थांबवत आणि तसेच पडून राहत.

जुन्या लाल ओळी त्यांनी वेगळ्या यादीत टाकल्या. काल चालत होतं आणि आज पडलं, एवढंच मेलमध्ये ठेवलं. मध्ये ज्याने काही बदललं असेल, मेल फक्त त्याला.

सोमवार, मंगळवार, बुधवार. नवीन काही पडलं नाही, मेल गेला नाही.

"काका, तुमचं यंत्र झोपलं की काय?" टीममधला बडबड्या म्हणाला.

काका नुसते हसले. बडबड्या कोड लिहीत होता तोवर काही ना काही पडणारच, त्यांना काळजी नव्हती.

गुरुवारी सकाळी बडबड्या बोलता बोलता मध्येच थांबला. तीन ओळींचा मेल होता. महिनाअखेरची तारीख काल बरोबर येत होती, आज चुकते आहे. मध्ये एकच फाईल बदलली आहे. ती त्याची.

"च्यायला, माझीच की!"

चहा निवायच्या आत त्याने ती दुरुस्त केली.

"काका, हे शिकलात कुठे?" मॅडमनी विचारलं.

"घरी."

संध्याकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे लेकीचा फोन आला.

"बाबा, कसा आहेस?"

"ठीक."

"रोज ठीकच असतोस. कालपेक्षा सांग."

काकांनी मोबाईल या कानावरून त्या कानावर घेतला.

"आईचा गजर होता ना, तो काल काढून टाकला."



"मग आज उठलास किती वाजता?"

"साडेचारला."