मुठीखालचं साल

रामसिंगच्या घरी एक जपानी तलवार होती. दर दसऱ्याला ती आधी चप्पल खायची, आणि मगच तिला हळद-कुंकू मिळायचं.

घाटंजीची सडक सोडून आत वळलं की जो तांडा लागतो, त्यात ही रीत सगळ्यांना पाठ होती. दसऱ्याच्या सकाळी बाकीच्यांच्या ओट्यावर विळे, कुऱ्हाडी, फवारणीचे पंप धुऊन मांडलेले असत. रामसिंगच्या ओट्यावर पाटावर तलवार असे. त्याची थोरली बहीण जमनीबाई सर्वांत आधी पुढे यायची. पायातली चप्पल काढून ती तलवारीला एक सणसणीत ठेवून द्यायची, "माया बा खाल्ला हिनं," म्हणायची, आणि पाठ फिरवून घरात जायची. तलवार पूजेला लागायची ती त्यानंतर. घरात आलेली नवी सून पहिल्या वर्षी हे पाहून घाबरायची, दुसऱ्या वर्षी हसायची, तिसऱ्या वर्षी स्वतःच तिला चप्पल आणून द्यायची.

जमनी आणि रामसिंग एका आईची लेकरं, पण बाप वेगळे. आई रुपीबाई, लेकरांची याडी. जमनीचा बाप शंकरसिंग, रामसिंगचा बाप नेमसिंग, आणि हे दोघे सख्खे भाऊ. इंग्रजांच्या लढाईत दोघेही खेचरांच्या पलटणीत भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात खेचरांच्या पाठीवर दारूगोळा वाहू लागले. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर मीठ-धान्य वाहिलेल्या लमाणाच्या पोरांना सरकारनं दुसरं काय काम दिलं असतं? शंकरसिंग पलटणीत गेला तेव्हा जमनी पोटात होती. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात सरकारचा कागद आला, की शंकरसिंग बेपत्ता आहे.

बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असं रुपीबाई म्हणाली आणि हातातला हाडाचा चुडा, केसांतली घुगरी, ही सवाशिणीची लेणी तिनं उतरवली नाहीत. सासू रडली, तांड्याचा कारभारी नाईक समजावून थकला, पण ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसून सडकेकडे पाहायची. लढाई संपल्यावर एक दिवस नेमसिंग एकटा परत आला. त्यानं तलवार तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, "माह्या डोळ्यांदेखत भावाले एका जपान्यानं हिनंच कापलं. अन् ज्यानं कापलं त्याले मी त्याच जागी लोळवला. ही त्याचीच तलवार."

त्या दिवशी रुपीबाईनं चुडा दगडावर फोडला. जमनी तीन वर्षांची होती. बापाचं काही म्हणजे काहीच तिला आठवत नव्हतं, पण तो फुटण्याचा आवाज आठवायचा. पुढे वर्ष उलटल्यावर चालीप्रमाणे धाकट्या दिरानं भावजयीला घरात घेतलं, आणि मग रामसिंग जन्मला. नेमसिंग बाप म्हणून वाईट नव्हता. जमनीला त्यानं कधी परकी मानलं नाही. ती तरुणपणीच विधवा होऊन परतली तेव्हा तिला ओट्यावरून आत घेणारा तोच. फक्त गोष्ट सांगायला बसला की त्याला आवरणं कठीण. दर दसऱ्याला त्याचा तो जपानी वीतभर उंच व्हायचा. एका वर्षी तर तो घोड्यावर होता. साल मात्र कधी बदललं नाही: चव्वेचाळीस, होळीच्या मागं-पुढं.

या वर्षी पोळ्याच्या सुमारास जमनीबाई अंगणात चक्कर येऊन पडली. यवतमाळच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. ती घरी आली, खाटेवर टेकली आणि रामसिंगला जवळ बोलावून म्हणाली, "भिया, त्या जपान्याचं नाव काढून दे मले."

"कोन्या जपान्याचं?"

"ज्यानं बा ले मारलं त्याचं. किती वर्षं चप्पल मारू मी? त्याचीही माय वाट पाहत बसली असन ना कुठं. हा राग घेऊन वर जायचं जिवावर येते. पन माफ करू तं कोनाले करू? नाव तं पाह्यजे."

रामसिंग शहात्तरीचा गडी, पण बहिणीसमोर अजून लहानच. त्यानं नागपूरच्या बँकेत काम करणाऱ्या नातीला, ममताला फोन लावला. ममता हुशार. फोनवर देशोदेशीच्या लोकांचा एक गट आहे म्हणाली, नुसत्या फोटोंवरून जपानी तलवारी ओळखतात. रविवारी ती आली आणि तलवारीचे सगळ्या अंगानं फोटो काढून पाठवले: म्यान, मुठीवरची खरखरीत माशाची कातडी, तिच्यावरची दोरीची वीण, पितळी फुलं.

दुपारपर्यंत उत्तर आलं. तलवार जपानी फौजेतल्या अफसराची. अशी मूठ लढाईच्या आधी काही वर्षांपासून बनत होती. नेमकं सांगायचं तर मूठ उतरवावी लागेल. बनवणारा जे काही कोरतो ते मुठीच्या आत दडलेल्या लोखंडावर कोरतो. आणि तिथला गंज अजिबात घासू नका, त्यावरूनच लोखंडाचं वय कळतं.

मुठीत बांबूची एक बारीक खुंटी होती. रामसिंगनं ती हलक्या हातानं ठोकून काढली, मूठ ओढली. एवढ्या वर्षांत घरातल्या कुणी ती उघडून पाहिली नव्हती. आतलं लोखंड काळं-तपकिरी, एका बाजूला अक्षरं आणि चांदणीचा एवढासा ठसा, दुसऱ्या बाजूला अक्षरांची आणखी एक ओळ. जमनीबाई खाटेवरून उठून जवळ आली.

"हेच का त्याचं नाव?"

"असू शकते," ममता म्हणाली.

म्हातारीनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं ती तलवार चपलेशिवाय हाताळली होती. "नाव तं मोठं दिसते," ती म्हणाली.

ममता फोटो काढून नागपूरला परत गेली. दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा रामसिंग सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत होता.

"आजोबा, ते अफसराचं नाव नाही. घडवणाऱ्या लोहाराचं आहे. चांदणी म्हणजे फौजेनं पास केलेल्या लोहाराची खूण."

"मंग दुसऱ्या बाजूले?"

"दुसऱ्या बाजूला साल आहे. ते लोक राजा गादीवर आल्यापासून वर्षं मोजतात. या राजाचं विसावं वर्ष, दुसरा महिना. म्हणजे आपलं पंचेचाळीस, फेब्रुवारी."

रामसिंगच्या हातातून ताडपत्रीचं टोक सुटलं. "चव्वेचाळीस असन. नीट पाह्य."

"तिघांनी वेगवेगळं वाचून तेच सांगितलं."

"मूठ बदलली असन कोनं."

"आजोबा, साल मुठीवर नाही. पात्याच्या लोखंडावरच आहे."

तिलाही हिशेब कळला होता. शंकरसिंग नाहीसा झाला तेव्हा ही तलवार जन्मलीच नव्हती. ती भट्टीतून निघाली त्याच्या कितीतरी महिने आधी रुपीबाईच्या घरात बेपत्ताचा कागद येऊन पडला होता. मग ममतानं हळूच उरलेलंही सांगितलं: जपान हरल्यावर अशा तलवारींचे ढीग लागले होते, शिपायांनी निशाणी म्हणून कितीतरी घरी नेल्या.

रामसिंग तिथंच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसला. त्याचा बाप खोटं बोलला होता. भाऊ मरताना त्यानं पाहिला नव्हता, कुणाला लोळवलं नव्हतं. खेचरं हाकणाऱ्याच्या वाटेला अफसर कुठून येणार, हे एवढ्या वर्षांत आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. आणि कशासाठी बोलला? भावजय ओट्यावर बसून सुकत होती, तिला त्या सडकेवरून उठवायचं म्हणून? की ती त्याला हवी होती म्हणून? विचारायचं कुणाला? नेमसिंगची राख होऊन तीस वर्षं झाली, रुपीबाईची त्याहून जास्त. एक गोष्ट मात्र रामसिंगला लख्ख दिसली. ते खोटं बोललं गेलं नसतं तर चुडा फुटला नसता, आणि चुडा फुटला नसता तर तो जन्मलाच नसता. बहिणीच्या बापाला मेलेला ठरवला, तेव्हा कुठं तो या जगात आला होता.

"आजोबा," ममता म्हणाली, "आजीला कोणतंही एक नाव सांगून टाका. ती काय पाहायला जाणार आहे? तानाका सांगा. तिकडे गल्लोगल्ली तानाका असतात."

तानाका. रामसिंगनं ते पाठ केलं. कपाशीत फिरताना, बैलांना पाणी दाखवताना तो मनात म्हणायचा, तानाका. बहीण विचारायची, "लागला का पत्ता?" तेव्हा तो म्हणायचा, "दसऱ्याले सांगतो." मरत्या माणसाच्या जिवाला शांती मिळत असेल तर खोटं बोलायला काय हरकत आहे? आणि बाप हेच म्हणत असेल का त्या वेळी, हा विचार आला की तो भाकर अर्धीच टाकून उठायचा.

दसऱ्याची सकाळ उजाडली. पाटावर तलवार मांडली गेली. जमनीबाई भिंतीला धरून बाहेर आली. हातात चप्पल नव्हती. कुंकवाची वाटी होती.

"सांग आता," ती म्हणाली. "आज मारत नाही मी. नाव घेते, टिळा लावते, जा म्हनते. झालं."

सुना, लेक, सुट्टीवर आलेली ममता, सगळे थांबले. रामसिंगनं तोंड उघडलं. ता म्हणून जीभ दातांना लागली आणि तिथंच राहिली. बहिणीचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. उभा जन्म जिचा राग केला तिला ती माफ करायला निघाली होती, आणि जिनं काही केलंच नव्हतं तिला.

"बाई, नाव नाही त्याच्यावर," तो म्हणाला. "साल आहे. पंचेचाळीसचं."

"मंग?"

"बा चव्वेचाळीसात गेलता. तवा ही तलवार नव्हतीच. हिनं नाही मारलं त्याले. माह्या बापानं खोटं सांगतलं."

जमनीबाईला समजायला वेळ लागला. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "मंग माया बा ले कोनं मारलं?"

"माहीत नाही, बाई."

"मेला का नाही, हे तरी?"

"तेही नाही माहीत."

वाटी पडली. कुंकू ओट्यावर सांडलं. "त्याले जपान्यानं नाही मारलं," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज साऱ्या तांड्याला ऐकू गेला. "तुया बापानं मारलं! इथं, या ओट्यावर! याडी वाट पाहून राह्यली होती, तिच्याकडून चुडा फोडवला त्यानं!" वाकून तिनं पायातली चप्पल काढली.

रामसिंगनं डोक्यावरची टोपी काढली आणि पाटाशेजारी गुडघे टेकून मान खाली घातली. "मार, बाई. तलवारीचा काही दोष नाही. मी त्याचा पोरगा आहो. मले मार."

त्याच्या पांढऱ्या डोक्यावर चप्पल बराच वेळ वर होती. मग ती खाली पडली, आणि म्हातारी भावाच्या पाठीवर कोसळून रडू लागली. "तुले कायले मारू रे?" ती म्हणत होती. "तू तं तवा होता कुठं?" रामसिंगही रडला. बापाची लाज, आईची दया आणि बहिणीचं पोरकेपण, सगळं एकदमच वर आलं आणि त्याला ते आवरता आलं नाही. ममता खांबाला टेकून तोंडावर ओढणी धरून उभी होती.

रडणं ओसरल्यावर जमनीबाईनं सांडलेल्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि तलवारीला लावलं. पदरानं तिनं म्यान पुसलं. "लई मारलं तुले," ती तलवारीला म्हणाली.

दिवसभर ती जेवली नाही. संध्याकाळी लोक सोनं द्यायला येऊ लागले. रामसिंगनं पाहिलं तर बहीण ओट्याच्या कडेला बसलेली, सडकेकडे तोंड करून. आपट्याची पानं तिच्या पदरात पडत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. लोक गेले, दिवा लागला, वारं सुटलं.

"बाई, आत चाल. थंडी बाधन."

"बसू दे थोडा वेळ."

"कायले?"

"याडी उठली इथून, तवापासून कोनंच त्याची वाट पाह्यली नाही," ती म्हणाली. "तो येऊन पाहीन, अन् ओट्यावर कोनीच नाही. असं कसं?"

तो जिवंत असता तर शंभरीच्या पुढे गेला असता, हे रामसिंगच्या ओठावर आलं होतं. आतून घोंगडी आणून त्यानं तिच्या खांद्यावर टाकली, आणि तिच्याशेजारी बसून तोही सडकेकडे पाहू लागला.