बाईसाहेबांची हाक

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मामा गॅलरीत बसून चपलेचा अंगठा शिवत होते. प्राणिसंग्रहालयात एकतीस वर्षं सिंह सांभाळलेल्या माणसाला निवृत्तीनंतर करण्यासारखं फारसं काही उरत नाही. तीन वर्षांत त्यांनी घरातल्या सगळ्या कड्या, नळ, चपला दुरुस्त करून संपवल्या होत्या. आता मामी चांगल्या वस्तू त्यांच्या नजरेआड ठेवत असत.

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बाईसाहेबांचे, त्या म्हाताऱ्या सिंहिणीचे, मागचे पाय गेलेत. कशाबशा उठतात, दोन पावलं ओढतात, पुन्हा बसतात. एकोणीस वर्षांचं वय, औषधाला काही अर्थ राहिलेला नाही. आता सुई देऊन सोडवायचं. पण परवापासून त्या खंदकाच्या पाण्याजवळच्या कोपऱ्यात पडून आहेत आणि आतल्या खोलीत यायला तयार नाहीत. लांबून बंदुकीनं बेशुद्धीची सुई मारली तर घाबरून पाण्यात जातील आणि बुडतील. तसं मरण नको.

"मग मास्तरीणबाईला सांगा हाक मारायला," मामा म्हणाले. त्यांच्यानंतर सिंहांचं तीच पाहायची. "तिच्या हाकेला येते ती."

"तिथंच तर घोडं अडलंय," डॉक्टर म्हणाले. "ती म्हणते, मामांनी शिकवलंय, जेवणाची हाक खोट्या कामाला वापरायची नाही. ऐकतच नाही. आता तुम्हीच येऊन तिला समजवा, नाहीतर स्वतः हाक मारा."

मामांनी फोन ठेवला आणि सुई बोटात टोचून घेतली. मामी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "जाऊन या. इतकी वर्षं झोपेत तिलाच हाका मारताय. एकदा जागेपणी मारा."

बाईसाहेब हे काही सिंहिणीचं खरं नाव नव्हे. पाटीवर लोकांनी मतं देऊन ठरवलेलं एक भारदस्त नाव होतं, पण ते पाटीपुरतंच. आईनं टाकलेलं ते पिल्लू मामांनी बाटलीनं वाढवलं होतं. दूध जरा गार झालं की ते तोंड फिरवून बसायचं. एवढा तोरा पाहून मामांनीच तिला बाईसाहेब म्हणायला सुरुवात केली. किल्ल्यांचा जुडगा गजावर दोनदा वाजवायचा आणि म्हणायचं, "या बाईसाहेब, या." की कुठूनही स्वारी दुडकत हजर.

त्या हाकेचा एक नियम होता. मामांच्या वस्तादांनी तो पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितला होता. प्रत्येक जनावराशी आपली एक हाक ठरलेली असते. त्या हाकेला ते आलं की त्याला खायला मिळालंच पाहिजे. सुई टोचायची, पिंजरा बदलायचा, पिल्लं वेगळी करायची, तर दुसरा माणूस, दुसरं दार, दुसरा आवाज. दिवस लागला तर दिवस थांबायचं. पण ती हाक नाही. हा नियम मामांनी पुढे मास्तरीणबाईला शिकवला. ही बाई आधी मांसाच्या कोठारात वजनं लिहायची आणि नंतर सिंहांकडे आली. मामा बोलतील तो शब्द वहीत उतरवून घ्यायची, म्हणून मामांनीच तिला मास्तरीण करून टाकलं होतं. हा नियम तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा दिसल्या की मामा नजर वळवायचे.

मामा पोचले तेव्हा दुपार कलत होती. मास्तरीणबाई आतल्या खोलीच्या गजांपाशी हाताची घडी घालून उभी होती. डोळे सुजलेले, पण हनुवटी वर. उघड्या सरकदारातून पलीकडचं कुरण दिसत होतं, आणि पार टोकाला पाण्याजवळ पिवळट काहीतरी पडलेलं दिसत होतं. एवढीशी झाली होती ती. मामांना वाटलं होतं आपण मनाची तयारी करून आलोय. तशी काही झालेली नव्हती.

"तुम्ही मारणार का हाक?" तिनं विचारलं.

"मी मारतो," मामा म्हणाले. तिला वाटलं, तिचं पाप मामा आपल्या डोक्यावर घेताहेत. खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना एकदा, फक्त एकदा, पाहायचं होतं की बाईसाहेब आपल्या हाकेला येतात का. सुई, डॉक्टर, दुखणं, सगळं त्यामागून. माणूस म्हातारपणी असा स्वार्थी होतो.

त्यांनी मास्तरीणबाईकडून जुडगा घेतला आणि गजावर दोनदा वाजवला. "या बाईसाहेब, या."

पाण्याजवळ कान हलले. मान वर झाली. बराच वेळ ती या बाजूला पाहत राहिली. मामांचा हात गजावर तसाच राहिला. मग तिनं मान वळवली, पाण्याकडे तोंड केलं आणि पुन्हा खाली ठेवलं. लहानपणी दूध कोमट नसलं की करायची, अगदी तसंच.

"असं कसं?" मास्तरीणबाई म्हणाली. "वाढवलंत तुम्ही तिला. तिची पिल्लं दुसरीकडे गेल्यापासून तिचं डोकं फिरलंय असं तुम्ही म्हणायचात, पण माझ्याशी तर नीट असते."

मामांनी जुडगा तिच्या हातात दिला. अकरा वर्षं दाबून ठेवलेलं त्यांनी मग सांगून टाकलं, उभ्याउभ्याच.

"डोकं फिरलं नव्हतं तिचं. मी खोटी हाक मारली होती."

पिल्लं वर्षाची झाली होती, दोन्ही दुसरीकडे पाठवायची होती. गाडी सकाळपासून उभी. बाईसाहेब पिल्लांना सोडून आत यायला तयार नाहीत. नियमाप्रमाणे थांबायचं होतं, दुसऱ्या कुणी मांस घेऊन मागच्या दारानं जायचं होतं. पण मुख्य साहेब चार पाहुणे घेऊन आले होते, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एकजण होता. साहेब हसून म्हणाले, मामा, ती तुमच्या शब्दाबाहेर नाही म्हणतात ना? एवढंच. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी दटावलं नाही. मामांची छाती फुगली आणि त्यांनी जुडगा वाजवला. बाईसाहेब पिल्लांना दगडापाशी ठेवून धावत आत आल्या. मागे दार पडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"माझ्या हातात मांससुद्धा नव्हतं," मामा म्हणाले. "घाईत आणलंच नाही. तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. त्यानंतर मी समोर असताना तिनं कधी तोंड लावलं नाही. आठ वर्षं मी ताट सरकवून कोठाराच्या भिंतीमागे जाऊन उभा राहायचो, तेव्हा ती खायची. तुला वाटायचं मी विडी ओढायला जातो."

दोन रेघा ओढलेलं ते पान बहुधा मास्तरीणबाईच्याही डोळ्यांपुढे आलं असावं. ती म्हणाली, "मग आता?"

मामा डॉक्टरांकडे वळले आणि एकतीस वर्षांच्या अधिकारानं बोलले. हाक मास्तरीणबाई मारेल, पण जेवणासाठी. ताटात चांगलं मांस, त्यात औषध मिसळायचं नाही. बाईसाहेब आल्या की खाऊ द्यायचं, पोटभर, हवा तेवढा वेळ. मागचं दार उघडंच राहील. परत जावंसं वाटलं तर जाऊ द्यायचं. खाऊन तिथंच झोपल्या, तर गाढ झोपू द्यायचं आणि मग डॉक्टरांनी एकट्यानं सुई घेऊन मागच्या बाजूनं यायचं. मास्तरीणबाईनं तेव्हा तिथं असायचं नाही. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"पण हेही खोटंच ना, मामा?" तिनं हळूच विचारलं.

"मला नाही सांगता येत," मामा म्हणाले. "पण तुझा हात रिकामा नसेल."

तिनं ताट भरून आणलं. मामांनी नेहमीच्या सवयीनं मांसाचे तुकडे पाहिले, एक मोठं हाड बाजूला काढलं, आता दात तेवढे राहिले नसतील म्हणून. मग ते तिथंच रेंगाळले. पुढं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण पाय उचलत नव्हते. मास्तरीणबाईलाही ठाऊक होतं. तिनं तोंडानं जा म्हटलं नाही, एवढं तिचं मोठेपण.

मामा बाहेर पडले आणि कोठाराच्या भिंतीमागे जाऊन उभे राहिले. वजनकाटा होता तिथंच होता. भिंतीवर पाठ टेकून टेकून पडलेला तेलकट डागही होता.

जुडगा दोनदा वाजला. "या बाईसाहेब, या."

बराच वेळ काही नाही. मग फरशीवर ओढत आणलेल्या पायांचा आवाज. थांबला. पुन्हा आला. मग लोखंडी ताट जरा सरकलं, आणि चावण्याचा तो ओला, सावकाश आवाज सुरू झाला. मामांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. मास्तरीणबाई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. आणखी अर्ध्या तासानं डॉक्टर बॅग घेऊन समोरून गेले. त्यांच्याकडे या दोघांनीही पाहिलं नाही.

घरी मामींनी दार उघडलं. मामांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पाणी आणलं. पाणी पिऊन होईतो त्या थांबल्या.

"आली का?"

"आली. खाल्लं पोटभर."

"तुमच्या हाकेला?"

मामांनी पेला खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले. "मी तिथून निघून गेल्यावर."