दर तिसऱ्या दिवशी

“एवढं मोठं आतडं? हे माणसाचंच हाय न्हवं?” उजेडात लावलेल्या एक्स-रेकडं बघत चिमणाबाईनं विचारलं.

“तुमच्या ज्ञानूचंच आहे, मावशी,” डॉक्टर प्रेरणा म्हणाल्या.

चौतीस वर्षांचा, मिशा राखलेला ज्ञानू मान खाली घालून बसला होता. हातपाय काडीसारखे, पोट नगाऱ्यासारखं; पण कोडोली गावाला लहानपणापासून पोट तेवढं दिसलं. सातव्या वर्षीच तालमीतल्या वस्तादानं लंगोट बांधून थंडाई सुरू केली. “पोट हाय, बाकीचं येतंय की!” बाकीचं काही आलं नाही. खाल्लेलंही आपण होऊन बाहेर पडेना. मग दर तिसऱ्या दिवशी साबणाचं कोमट पाणी आणि रबरी नळी घेऊन चिमणाबाई बसे. त्यापायी ती माहेरी सलग तीन दिवस राहिली नाही. म्हातारी पोराला सोडत नाही, असं लोक म्हणत. खोटं नव्हतं.

“फुगलंय त्येवढं टाका काढून. त्येनंच दावा मांडलाय.”

“मूळ दोष त्याचा नाही, मावशी.” डॉक्टरांनी तळाच्या चिंचोळ्या, बोटभर भागावर पेन टेकवलं. “तुकडा काढून तपासला ना, त्यात दिसलं. इथं जन्मापासून मज्जापेशीच नाहीत. हे सैल पडत नाही, पुढं ढकलत नाही. वरचं चांगलं होतं. वाट नसताना रेटत राहिलं, म्हणून ताणून असं झालं.”

“चौतीस वरसं?”

“चौतीस वर्षं.”

चिमणाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या काळ्या-पांढऱ्या चित्राला हात जोडले. डॉक्टर हसल्या नाहीत.

“आता दोन्ही भाग काढू. त्याच्याही वरचं, न फुगलेलं आतडं खाली आणून जोडू.”

“आन् मग,” ज्ञानू पहिल्यांदाच बोलला, “आई लागंल?”

“बहुतेक नाही. पण आत्ताच शब्द देत नाही.”

ऑपरेशन झालं. जोड भरेपर्यंत तीन महिने पोटावर शौचाची पिशवी राहिली. ती काढल्यावर चौथ्या दिवशी सकाळी ज्ञानू खाटेवरून उठला. चिमणाबाई मागोमाग निघाली. संडासाचं दार लागलं आणि आतून कडी सरकली. इतक्या वर्षांत त्यानं संडासाची कडी कधी लावली नव्हती; आई आत असायची.

ती दाराला खेटून उभी राहिली.

“मावशी, आत कोन हाय?” शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ तांब्या घेऊन आला.

“माझा ल्योक हाय. दम धरा वाईच, पावणं.”

बराच वेळ गेला. मग पाणी ओतल्याचा आवाज आला.

“आई!”

“काय रं? येऊ?”

“नगं. झालं.”

चिमणाबाई दारापासून दोन पावलं मागं सरली.