रुखवताच्या गाडीची वायर

कोऱ्हाळे बुद्रुकात कुणाचीही विहिरीवरची मोटर जळली की ती माझ्याकडे नव्या तारेनं भरायला येते. चाळीस वर्षं झाली. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहेच. पण वायर या विषयात हिंदुरावाला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी लेकीच्या लग्नाच्या आदल्या दुपारपर्यंत समजत होतो.

लेक म्हणजे उत्कर्षा. कॉम्प्युटरची इंजिनिअर. लहान असताना माझ्या दुकानात बसून तांब्याच्या तारेच्या बांगड्या करायची. शिकली, आणि तिच्या कामात मला हात घालू देईना. काही विचारायला गेलो की म्हणायची, "आप्पा, राहू द्या, हितं चारशे चाळीस व्होल्ट न्हाय." मला ते लागायचं.

साखरपुड्यात इंदापूरच्या झुंबरआत्या, म्हणजे जावईबापू कुशलराव यांच्या आत्या, चारचौघांत म्हणाल्या, "आजकालच्या शिकलेल्या पोरी रुखवत इकत आणत्यात. हातात कला कुठं ऱ्हायलीय?" रुखवत नवरीनं आपल्या हातानं करायचं, हा त्यांचा हट्ट. आमची उत्कर्षा लगेच म्हणाली, "आत्या, माझं रुखवत घरीच केल्यालं आसंल. आन नुसतं बघायचं न्हाय, चालतं आसंल."

झालं! आता ते चाललं नसतं तर इंदापुरात पहिल्याच दिवशी पोरीची मान खाली गेली असती.

तिनं केली उसाची बैलगाडी. टेबलावर मावेल एवढी, लाकडाची. पोटात अख्खा कॉम्प्युटर. त्यावर ज्वारीच्या ताटांचे रंगवलेले तुकडे रचलेले, ती उसाची भरती. मागं एक छोटा पडदा, त्यावर पाहुण्यांचं स्वागत. आणि कॉम्प्युटर थंड ठेवायला जे दोन पंखे लागतात, तीच गाडीची दोन चाकं. मला गाडी इतकी आवडली की मी तिच्यात दोष शोधायला लागलो.

पंख्यांना वीज नेणारी केबल तेवढी करायची राहिली होती. बाजारात असली केबल मिळते. पण ही म्हणे, जे हातानं होतंय ते हातानंच करणार. "मग आतल्या चिपा काय तू पोळपाटावर लाटल्यास व्हय?" मी विचारलं.

सकाळी केबल करू म्हणून बसली, तर बारामतीची मेंदीवाली दोन तास आधीच दारात. दोन्ही हात कोपरापर्यंत भरता भरता दुपार झाली. मेंदी संध्याकाळपर्यंत ठेवायची आणि रुखवताचा टेम्पो पाचला निघायचा. दुपारी दोनला उत्कर्षा हात वर धरून माझ्यापुढं उभी राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "आज तुमचं हात लागत्यात."

काय सांगू! मी जेवणावरून उठलो. भात तसाच.

एका जुन्या कॉम्प्युटरच्या मेलेल्या पॉवर सप्लायचा चार खिळ्यांचा प्लग वायरीसकट कापून घेतला. पिवळी, तांबडी आणि दोन काळ्या. शेवयांएवढ्या बारीक. "ह्या वायरी हायेत का दोरा?" मी म्हणालो.

"पिवळी बारा व्होल्ट, तांबडी पाच, काळ्या दोन्ही परतीच्या," ती म्हणाली. "पंख्यांना पिवळी आन काळी द्या. डोकं लावू नका."

आयुष्यभर डोकंच लावलेल्या माणसाला हे सांगायचं! तरी मी कामाला लागलो. वायरी सोलल्या, पंख्यांच्या वायरींना पीळ देऊन तात्पुरत्या जोडल्या, प्लग गाडीच्या पोटात दाबून बसवला. उत्कर्षानं वाकून नाकानं गाडीचं बटन दाबलं. दारातून द्वारकाबाई, म्हणजे आमच्या मंडळी, ओरडल्या, "अगं नवरी हायेस तू!"

पंखे भणभणले. मी डावीकडून बघितलं, चाक पुढं चाललेलं. उजवीकडं गेलो तर चाक मागं! गाडीचं एक चाक इंदापूरला निघालं होतं आणि दुसरं माहेरी परत येत होतं.

उत्कर्षा हसता हसता खाली बसली. मी मात्र हसलो नाही. हे माझ्या हातचं काम होतं. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, हे मी तालुक्यात हजार वेळा केलंय. ती "आप्पा, थांबा" म्हणेपर्यंत मी उजव्या पंख्याच्या दोन वायरी बदलूनही टाकल्या.

पंखा ठप्प. हलेना, हुंकारेना.

जाळला! लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीचं रुखवत मी बापानंच जाळलं. तिनं मला चाळीस वर्षांच्या कामाच्या भरवशावर बोलावलं आणि मी पाच मिनिटांत माती केली.

"जळला न्हाय," उत्कर्षा म्हणाली. "ह्यो पंखा उलटा फिरतच न्हाय, आप्पा. नुसता रुसून बसतो. होत्या तशा लावा."

लावल्या. फिरला. पण उलटाच. मी त्याच्यापुढं उकिडवा बसून राहिलो. मग मान वाकडी करून गाडीच्या आतून बघितलं आणि आतून तोच पंखा बरोबर दिशेला फिरताना दिसला. अरे हात्तिच्या! वायर कशाला बदलायची? पंखाच पालथा करायचा! चार स्क्रू काढले, आतली बाजू बाहेर केली, परत आवळले. दोन्ही चाकं इंदापूरला निघाली.

उत्कर्षाचे डोळे मोठे झाले. "आप्पा, आता एकीकडनं हवा आत जाती आन दुसरीकडनं भाईर येती. कॉम्प्युटरला हेच पायजे आसतं. माझ्या डोक्यातच आलं न्हाय!"

तिच्या डोक्यात आलं नाही ते माझ्या डोक्यात आलं, हे वाक्य मी मनात तीन वेळा म्हणून घेतलं. आता मला थांबवणं कठीण होतं.

"पण ही गाडी हाय का इमान?" मी म्हणालो. "चाकाचं आरे दिसंनात. उसाची भरलेली गाडी अशी पळती का कधी? तांबडी पाचाची म्हणालीस न्हवं?"

तिनं मान डोलावली. मी बटन बंद केलं, दोन्ही पंखे पिवळीवरून काढले आणि कमी व्होल्टच्या तांबडीवर घेतले. परत नाकानं बटन. चाकांनी क्षणभर विचार केला आणि मग ती निघाली, सावकाश, आवाज न करता, एकेक आरा मोजता येईल अशी. कारखान्याच्या रस्त्याला लागलेली भरली गाडी जाते ना, तशी.

"आप्पा!" किंचाळून उत्कर्षानं माझं उजवं मनगट गच्च धरलं आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली. मीही मारल्या. गुडघे दुखतात हे उतरल्यावर आठवलं. मग द्वारकाबाईंचा आवाज आला, "मेंदी! अगं मेंदी!"

उजव्या तळव्यावरची नक्षी पार विस्कटली होती आणि माझ्या मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता. पण टेम्पो पाचचा. सगळे जोड अजून नुसत्या पिळावर होते, एकेक कथिलानं झाळायचा होता, वर मोटरमधली स्लीव्ह, म्हणजे वायरीवरची नळी, चढवायची होती. मेंदी पुसायला हात मोकळा नव्हता. काम संपलं तेव्हा ती माझ्या मनगटावरच वाळून गळून पडली होती.

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या कार्यालयात रुखवतापुढं ही गर्दी! लाडवांच्या रांगेत गाडीची चाकं फिरत होती आणि पोरंटोरं खाली वाकून बैल कुठं हायेत ते शोधत होती. झुंबरआत्या आल्या. चष्मा लावला, गाडीभोवती एक फेरी मारली.

"कुठनं इकत आणली?"

"घरी केली, आत्या," उत्कर्षा म्हणाली.

"तू? एकटीनं?"

हो म्हण पोरी, मी मनात म्हणत होतो. एवढ्याशा वायरीचं काय!

उत्कर्षानं मला पुढं ओढलं. माझी बाही वर केली. मनगटावरची पाच बोटं आता लालभडक रंगली होती. शेजारी तिनं आपला तळवा धरला, मधली नक्षी फिक्की, विस्कटलेली. "एकटीनं न्हाय. गाडी मी केली. चाकं आप्पांनी चालवली. माझं हात मेंदीत आडकल्यालं, म्हणून त्यांचं घेतलं."

आत्यांनी एकदा माझ्या मनगटाकडं, एकदा तिच्या तळव्याकडं बघितलं. मग मला विचारलं, "एवढी सावकाश का चालवलीसा, हिंदुराव?"

"भरून चाललीय, आत्याबाई," मी म्हणालो.

आत्या गाडीकडं वळल्याच नाहीत. त्यांनी उत्कर्षाच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मेंदी दहाबारा दिवस टिकते म्हणतात. मी परत दुकानात बसलोय, मोटरी भरतोय. गिऱ्हाईक मनगटाकडं बघून हसतं, हसू दे. संध्याकाळी हाताचं ग्रीस धुताना मी उजव्या मनगटाला साबण लावत नाही.