गच्चीवरचं पाचवं पान

सर्वपित्री अमावस्येला भोपाळच्या अवधपुरीतल्या त्या गच्चीवर दरवर्षी पाच पानं मांडली जात. कावळे चार पानं फस्त करत आणि पाचव्याकडे ढुंकूनही बघत नसत. ते पान रेवतीचं, शशिकलाच्या बहिणीचं. "काहीतरी इच्छा राहिलीय बिचारीची," विश्वासराव म्हणत, आणि शशिकला मान खाली घालून तांब्या उचले. कावळा शिवणार कसा? रेवती मेलीच नव्हती. शशिकला हीच रेवती.

त्याचं झालं असं. उज्जैनला थोरली प्रतिभा बारावीची परीक्षा देऊन काविळीनं गेली. निकाल मागाहून आला, पहिला वर्ग. दोन वर्षांनी धाकटी रेवती त्याच परीक्षेत आपटली. तेवढ्यात भोपाळच्या कारखान्यातल्या इंजिनियरचं, म्हणजे विश्वासरावांचं, स्थळ आलं. अट एकच, मुलगी बारावी पास हवी. वडिलांनी थोरलीची मार्कशीट पुढे केली आणि ठोकून दिलं, की गेली ती धाकटी. लग्नात तांदळात 'शशिकला' हे नवं नाव लिहिलं गेलं आणि सगळ्यावर पांघरूण पडलं. आपल्यात मुलीचं नाव पुसायला एक ताट तांदूळ पुरतात.

विश्वासराव माणूस भला. सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून तिकडच्या पितरांनाही हेच पाणी देत. 'रेवती' म्हणत त्यांनी तीळपाणी सोडलं, की शशिकलाच्या तळपायातून थंडी वर चढे. बत्तीस वर्षं झाली, तरी सवय होईना. आणि खरी गेलेली प्रतिभा? तिच्या वाट्याला आजवर थेंबही आला नव्हता. पोळ्या लाटताना शशिकलाला वाटे, पाठीमागे कुणीतरी पुस्तक चाळतंय, बोट जिभेला लावून, प्रतिभा चाळायची तसंच. वळून बघावं, तर नुसता ओटा आणि कुकर.

यंदा कॉलनीतल्या बालवाडीनं तिला नोकरी देऊ केली आणि बारावीची मार्कशीट मागितली. कपाटात होती एक. तिनं ती बाहेर काढली, तशी पाठीमागची सळसळ एकदम थांबली. ते जास्त भयंकर होतं. नाही, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी एकदा खाल्लं तेवढं पुरे, तिनं ठरवलं. ट्रंकेच्या तळाशी रेवतीची दहावीची मार्कशीट होती. ती घेऊन ओपन स्कूलच्या बारावीचा फॉर्म भरायला ती टी. टी. नगरला गेली.

"आंटी, इसमें रेवती है, आधार में शशिकला," ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातला सौरभ म्हणाला. "एफिडेविट लगेगा. गवाह में अंकल के साइन करवा लो. परसों लास्ट डेट है."

दुसऱ्याच दिवशी अमावस्या होती. चार पानं संपली, पाचवं तसंच राहिलं. विश्वासरावांनी कठड्याकडे बघून हात जोडले. "सांग बाई, काय राहिलंय तुझं? मी पुरं करतो."

शशिकलाच्या पाठीमागे पुस्तक सळसळलं.

"बारावी पास व्हायचं राहिलंय," ती म्हणाली आणि पदराखालचा कागद तिनं पुढे केला. "अहो, मीच रेवती. बाबांनी ताईच्या मार्कशीटवर माझं लग्न लावलं."

त्यांनी कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला. "मग इतकी वर्षं मी पाणी सोडलं ते?"

"माझ्या नावानं."

"आणि प्रतिभा?"

"तहानलेलीच आहे हो," शशिकला म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

विश्वासरावांनी पाचवं पान उचललं. आता भिरकावणार, असं तिला वाटलं. त्यांनी ते कठड्यावर नीट सरळ करून ठेवलं, ओंजळीत तीळपाणी घेतलं आणि 'प्रतिभा' म्हणाले. ते मागे सरायच्या आत कावळा उतरला.

त्याच ओल्या हातानं त्यांनी सही केली. "रागवायचंय मला तुझ्यावर," ते म्हणाले. "पण परीक्षा होऊ दे."

दुपारी स्वयंपाकघर आवरून ती पुस्तक घेऊन बसली. कान पाठीमागे लावून तिनं बराच वेळ वाट पाहिली. काहीच सळसळलं नाही. मग तिनं स्वतःच बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.