मडकीवाल्या काकूंचा कान आणि मी

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. खाली एक दांडी आणि वर दोन पोलादी पाय, असे माझे ध्यान! सूर नेमका लागेपर्यंत कारागिराने मला कानशीने घासले. तेव्हा मी फार कुरकुरलो. आता त्याचे उपकार मानतो.

पुढे मी कानाच्या डॉक्टरांकडे आलो. ते मला स्वतःच्या कोपरावर आपटतात आणि मी गुणगुणू लागतो. मध्यंतरी कान तपासायचे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी कापसाच्या खणात झाली. पण डॉक्टरांना माझ्यावाचून करमेना.

एकदा मडकी घडवणाऱ्या काकू काकांबरोबर आल्या. त्यांचे दोन्ही कान वर्षानुवर्षे वाहत होते, उजवा जास्तच. ठणका लागला की ओत तेल!

"हिला हाका मारून माझा घसा बसला," काका म्हणाले.

काकूंचे दुःख वेगळेच होते. "टिचकी मारूनच मडकं विकायला ठेवते मी. तडा गेलेलं बद्द वाजतं. आता सगळी सारखीच वाटतात. माझंच मडकं, आणि जावेला विचारावं लागतं!" त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी मला वाजवून काकूंच्या कपाळावर टेकवले.

"उजव्यात वाजतंय! बरा झाला की कान! चला हो घरी!" पिशवी उचलून काकू दारापर्यंत पोहोचल्यासुद्धा.

डॉक्टरांना हसू आवरेना. "काकू, थांबा! पडद्याला भोक आहे, बाहेरचा आवाज नीट आत जात नाही. हाडातून गेलेला मात्र त्याच कानात मोठा वाटतो. म्हणजे आतली नस चांगली आहे. ऑपरेशनचा उपयोग होईल."

शस्त्रक्रियेत त्यांनी उजव्या कानामागचे किडलेले हाड साफ केले. कानाच्या वरच्या स्नायूवरचे पातळ आवरण घेऊन पडद्याला ठिगळ लावले. ते धरेल का, या काळजीने खणात माझा जीव टांगणीला लागला होता. काकूंनी कानात पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. काकांनी तर तेलाची बाटलीच लपवली.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी मला उजव्या कानाजवळ धरले. "बोट वर धरा. आवाज थांबला की खाली करा."

मी जीव तोडून गायलो. सूर विरत गेला, तरी काकूंचे बोट वरच! काकांनी वाकून कान लावला. "बंद पडलंय हे."

"वाजतंय अजून! आता तुमचा कान दाखवा डॉक्टरांना!"

मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मित्रांनो, कान वाहू लागला तर त्यात तेल ओतू नका, काड्या घालू नका. वेळेवर डॉक्टरांकडे जा. माझा सूर अगदी संपेपर्यंत तुमचेही बोट वर राहू दे.